सहा जण, सहा गावं, एक माळ: डिस्क गोल्फच्या शनिवार-रविवारचं नियोजन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेडला कॉलेजात एकत्र असलेले तुम्ही सहा मित्र. आता एक मुंबईत, एक पुण्यात, एक हैदराबादेत, एक नागपुरात, एक लातूरला आणि तुम्ही नांदेडलाच. पुणेकर आणि हैदराबादकर डिस्क गोल्फ, म्हणजे प्लास्टिकची चकती (डिस्क) हाताने फेकत कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्यांच्या टोपलीत, म्हणजे बास्केटमध्ये, टाकायचा खेळ, नियमित खेळतात, तुम्ही दोन-चारदा खेळला आहात, बाकी तिघांनी डिस्क हातातही धरलेली नाही. जानेवारीत एक शनिवार-रविवार मराठवाड्यातच जमायचं आहे. लातूरकराच्या मामाचं शेत जिंतूरच्या बाजूला आहे, शेजारी माळ आहे. जमायचं कुठे, राउंड (पूर्ण डाव) किती, मैदान कुठून आणायचं, आणि दर वर्षी ठरून दर वर्षी फिसकटतं त्याचं काय करायचं?

मी मूळचा सेलूचा. बारा वर्षं हा खेळ खेळतोय आणि असे वीसेक शनिवार-रविवार जमवून झालेत. पहिले चार-पाच वाया घालवले, म्हणून सांगतो: आधी माळ बघू नका, आधी रविवारची परतीची तिकिटं बघा. प्रत्येकाची. ती हातात आली की उरलेलं सगळं त्यांच्यावरून मागे मागे मोजत यायचं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. आमची पहिली सहल जिंतूरच्याच बाजूला होती. दोन दिवसांत चार राउंड असा कागदावरचा बेत. रविवारी साडेतीन वाजता तीन राउंड झाले होते, ऊन कलायला लागलं होतं, आणि कोणीतरी म्हणालं, "एकच अजून, पटकन." पटकन म्हणजे सहा वाजले. मुंबईच्या मित्राची रात्रीची गाडी परभणीहून होती. अंतर फार नाही, तासाभराचं. पण जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, समोरून तसाच दुसरा. त्याला ओलांडायला जागा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. परभणी स्टेशनच्या पुलावर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडत होता. मित्र रात्रभर ट्रॅव्हल्सच्या शेवटच्या सीटवर उसळत गेला आणि पुढची दोन वर्षं आला नाही. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: रविवारी शेवटची डिस्क अकराच्या आत पडली पाहिजे. मग जेवण, आवराआवर, दोनला निघायचं. उजेडात परभणी गाठायची.

आता जागेचं बोलू. सहा जण सहा दिशांना असले की लोक नकाशा काढून मधला बिंदू शोधतात. तो बहुतेक वेळा कुठल्या तरी फाट्यावर निघतो, जिथे रेल्वेही नाही आणि धड बसही नाही. किलोमीटर मोजू नका. एका रात्रीच्या झोपेत कोण कुठवर येतो ते मोजा. मुंबईकर शुक्रवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसला की सकाळी परभणीत उतरतो. 2025 पासून वंदे भारतही नांदेडपर्यंत येते, पण ती मुंबईहून दुपारी निघते, म्हणजे शुक्रवारची अर्धी रजा गेली. पुणेकराला रात्रीची ट्रॅव्हल्स. हैदराबादकराने शुक्रवारी संध्याकाळी निघून नांदेडला तुमच्याकडे मुक्काम करावा, सकाळी दोघांनी मिळून परभणीकडे यावं. लातूरकर स्वतःची गाडी काढेल, जिंतूरपर्यंत चारेक तास. नागपूरकराने समृद्धीवरून यायचं, वाशीमकडे उतरायचं आणि हिंगोलीमार्गे खाली. त्याचा विचार बुलेटवर यायचा असेल तर त्याला आत्ताच सांगा, समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही.

म्हणून परभणी हे तुमचं स्टेशन आणि जिंतूरकडचा माळ हे तुमचं मैदान. नुसतं मामाचं शेत आहे म्हणून नव्हे, हिशोबही तसाच लागतो. मामा नसते आणि मित्रांत हैदराबादकर नसता, तर मी जालन्याच्या बाजूला जमा असं म्हटलं असतं: रेल्वे आहे, समृद्धी आहे, लॉज आहेत. छत्रपती संभाजीनगर राहायला सगळ्यात सोयीचं, पण लातूर, नांदेड, हैदराबाद या तिघांना ते लांब पडतं. म्हैसमाळचं पठार बघून डिस्क फेकावीशी वाटते हे खरं. पण सुट्टीच्या दिवशी तिथे सहली असतात आणि पावणेदोनशे ग्रॅमची डिस्क कुणाच्या पोराच्या कपाळावर बसली तर पुढची संध्याकाळ पोलीस चौकीत जाते. वेरूळ, देवगिरी किल्ला, लेण्यांचा परिसर इथे तर डिस्क पिशवीतून काढायचीच नाही.

तारखेबद्दल. ग्रुपवर "कधी जमेल सगळ्यांना?" असं विचारलं की ती सहल मेली. तीन तारखा द्या, त्यातली एक निवडायला दोन दिवस द्या, आणि ज्या तारखेला चार जण हो म्हणतील ती पक्की. सहाही जमण्याची वाट बघू नका, चार पक्के झाले की उरलेले दोघे आपोआप येतात. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे जानेवारीच्या मधल्या आठवड्यासाठी नोव्हेंबरच्या मध्यालाच हलायला हवं. त्याच दिवशी प्रत्येकाकडून हजार रुपये घ्या. ही आगाऊ रक्कम खर्चासाठी नाहीच, माणूस खरंच येणार का ते कळण्यासाठी आहे. ज्याचे हजार आले तो येतो. "मी तिथे आल्यावर देतो" म्हणणारा येत नाही, हे मी बारा वर्षं बघतोय.

तारीख निवडताना दोन गोष्टी बघाच. एक म्हणजे लग्नाच्या तिथी. दाट तिथीच्या शनिवार-रविवारी ना ट्रॅव्हल्सला जागा, ना लॉजला खोली, आणि सहातला एक तरी कुणाच्या तरी मांडवात अडकलेला असतो. दुसरी म्हणजे वेळ अमावस्या. तुमच्या लातूरकराला हे सांगावं लागणार नाही. येळवशीला लातूर-धाराशिवकडचं गावच्या गाव शेतात जातं, भज्जी, उंडे, आंबील. त्या दिवशी तो तुमच्याकडे येणार नाही, आणि आला तर घरी बोलणी खाईल. त्याच सुमाराला माळेगावची यात्रा असते, नांदेड-लातूर रस्ता गजबजलेला असतो. ही अमावस्या डिसेंबर-जानेवारीत पुढे-मागे होते, कॅलेंडर काढून बघा.

जानेवारी मात्र योग्य निवडलात. पावसाळ्यात काळ्या मातीवर हा खेळ होत नाही. प्रत्येक पावलाला बुटाखाली किलोभर चिखल चढतो, फेकताना पाय फिरवायचा असतो तो फिरत नाही, आणि तिथेच गुडघा जातो. दिवाळीच्या आसपास माळावर कुसळी गवत कमरेएवढं असतं. डिस्क हरवते आणि मोज्यातली कुसळं काढताना संध्याकाळ होते. मार्चनंतर ऊन. डिसेंबर-जानेवारीत गवत बसलेलं असतं, हवा कोरडी असते. थंडी मात्र हसण्यावारी नेऊ नका. परभणीचा पारा या दिवसांत काही रात्री एक आकडी होतो. मुंबईकर पातळ जॅकेट घेऊन येतो आणि पहाटे मामाच्या घोंगडीत सापडतो. शेतात झोपायची हौस असेल तर दोघा-तिघांनी झोपा, बाकीच्यांसाठी जिंतूरला किंवा परभणीला खोल्या घ्या. चाळिशीला आलेल्या माणसाला सकाळी नीट संडास लागतो. तो नसला की पहिला राउंड उशिरा सुरू होतो. चेष्टा नाही, सर्वांत जास्त उशीर मी याच कारणाने झालेला पाहिलाय.

आता माळ. मामांना फोनवर चार गोष्टी विचारा. माळ गायरान आहे की खाजगी? गायरान असेल तर सरपंचांच्या कानावर घालायचं, खाजगी असेल तर मालकाच्या. विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. न विचारता सहा शहरी माणसं रंगीत चकत्या फेकताना दिसली की मोजणी चाललीय, जमीन जाणार, अशी बातमी दुपारपर्यंत गावभर होते. दुसरं, जमीन मुरमाड आहे का काळी? मुरूम हवा. काळीला जानेवारीत भेगा पडायला सुरुवात झालेली असते आणि घरंगळत आलेला पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) भेगेत उभा शिरतो. तिसरं, आजूबाजूला पीक कोणतं? चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: विहिरी आणि शेततळी कुठे आहेत?

इथे जरा थांबतो. आपल्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो. काठावर गवत, वर बोरीचं झुडूप, आणि खाली चाळीस फूट. डिस्क खेळणाऱ्या माणसाची नजर आकाशात असते, पाय मागे मागे सरकत असतात. मी आल्याआल्या पहिलं काम हे करतो: चुन्याची पिशवी घेऊन प्रत्येक विहिरीभोवती दहा-बारा पावलं लांबून गोल ओढतो आणि सगळ्यांना तिथवर चालत नेऊन दाखवतो. नुसतं सांगून भागत नाही. शेततळं तर विहिरीहून वाईट. प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, उतार निसरडा असतो, आणि आत घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. बुडू द्या. शेततळ्यात गेलेली डिस्क गेली, तिला काढायला काठावर वाकायचंही नाही. आमच्यात यावर चर्चा होत नाही.

तसंच कुंपणाची तार. रानडुकरांसाठी लोक झटका मशीन लावतात. तार दिसली की आधी मामांना विचारायचं, मग पलीकडे जायचं. झुडपाखाली हात घालण्याआधी काठी घाला. थंडीत साप सुस्त असतो, पण नसतोच असं नाही. बाभळीवर अडकलेल्या डिस्कवर दगड मारू नका, एकाच्या जागी दोन गोष्टी अडकतात. शेळ्यांना पाला काढायची आकडी प्रत्येक वस्तीवर असते, ती मागून आणा.

पिकाचा नियम आम्ही कडक ठेवलाय. अधिकृत नियमात हद्दीबाहेर डिस्क गेली की एक थ्रोचा दंड. आम्ही उभ्या ज्वारीत किंवा हरभऱ्यात गेली तर दोन धरतो, आणि शोधायला एकच माणूस, तोही दोन ओळींमधून. दंड दोनचा केला की लोक आपोआप पिकापासून लांब फेकायला लागतात. शिवाय कोर्स आखतानाच पीक उजव्या हाताच्या खेळाडूच्या डावीकडे येणार नाही असं बघा. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीवरून आडवा नेऊन) फेकलेली डिस्क शेवटी वेग कमी झाला की डावीकडे वळते, आणि नवख्याची तर जास्तच.

मैदान कुठून आणायचं, याचं उत्तर म्हणजे सोबत आणायचं. कायमस्वरूपी कोर्स नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. हा खेळ सुरुवातीला लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांनाच निशाणा धरून खेळत होते. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथे 1975 मध्ये पहिला कायमचा कोर्स झाला. त्यामागे एड हेड्रिक होते, साखळ्या लावलेली टोपलीही त्यांचीच. पुढच्याच वर्षी त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना काढली. 2002 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. वेड म्हणतात ते हे.

तुमच्या पुणेकराकडे किंवा हैदराबादकराकडे घडीची बास्केट असेलच. अशा तीन लागतील, नऊ किंवा अठरा नाही. एक-दोन कमी पडल्या तर वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. आमची जुनी बास्केट जालन्यात केलेली आहे: खाली जड बेस, मधे जीआय पाइप, वर सायकलची 26 इंची रिंग, रिंगपासून खाली सोडलेल्या बारा साखळ्या आणि कमरेच्या जरा खाली येईल अशी सळईची टोपली. वेल्डिंगवाला विचारत होता, कोंबड्यांसाठी आहे का. सातव्या वर्षीही ती तशीच उभी आहे, फक्त उचलायला दोन माणसं लागतात.

तीन बास्केटवर एका राउंडचे नऊ होल असे बसवतो. होल म्हणजे टीपासून, म्हणजे पहिला थ्रो करायच्या जागेपासून, बास्केटपर्यंतचा एक टप्पा. त्रिकोण धरा, कोपऱ्यांवर बास्केट, बाजू साधारण सत्तर, ऐंशी आणि शंभर मीटरच्या. पहिल्या फेरीत पहिलीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, तिसरीकडून पहिलीकडे. तीन होल झाले. दुसऱ्या फेरीत तोच त्रिकोण उलटा. वारा उलटा, उतार उलटा, त्यामुळे होल वेगळेच वाटतात. तिसऱ्या फेरीत प्रत्येक टी मागे घ्यायची, शक्य असेल तर एखाद्या लिंबाला किंवा बाभळीला वळसा घालावा लागेल अशी. "या झाडाच्या डावीकडूनच" अशी एक सक्ती घातली की साध्या माळावर मजा येते. फक्त एक सांभाळा: सहा जणांचे तीन-तीनचे दोन गट असतील तर दोन्ही गट एकाच फेरीत असले पाहिजेत. एक गट सरळ आणि दुसरा उलटा निघाला की डिस्क समोरासमोर येतात. टीची जागा चुन्याने आखा, पुढची रेघ स्पष्ट दिसली पाहिजे.

तिघांच्या गटाला नऊ होलला पाऊण तास ते तास लागतो. नवखे असतील तर दीड धरा. उजाडतं सातच्या सुमारास, मावळतं सहाच्या आसपास. शनिवारी सगळे जमून, चहा-नाश्ता होऊन माळावर यायला दहा वाजणार, म्हणजे सकाळचा सगळ्यात चांगला वेळ गेलेलाच आहे. त्याचं दुःख करू नका. दहा ते बारा नवख्यांना शिकवा. जेवण, झोप. साडेतीन ते साडेपाच पहिला खरा राउंड. रविवारी सव्वासातला दुसरा, अकरापर्यंत जमलं तर आणखी तीन-सहा होल. म्हणजे एकूण अडीच राउंड. पुणेकर कुरकुर करेल, तो एकटा सकाळी सहाला टॉर्च लावून पटिंग (जवळून बास्केटमध्ये टाकायचा सराव) करू देत. सहा जणांपैकी तिघे पहिल्यांदा खेळताहेत, त्यांना अडीच राउंड भरपूर होतात. दुसऱ्या दिवशी त्यांचे दंड आणि मांड्या काय बोलतात ते बघालच.

नवख्यांच्या हातात ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची वेगवान डिस्क, देऊ नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक अनुभवी खेळाडू मोठेपणाने करतो: "घे, माझी ही बारा स्पीडची फेकून बघ, लांब जाते." डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड (किती वेगाने फेकावी लागते), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (सुरुवातीला किती उजवीकडे वळते) आणि फेड (शेवटी किती डावीकडे वळते). बाराची डिस्क बाराच्याच वेगाने फेकली तर उडते. नवख्याच्या हातून ती तीस मीटरवर डावीकडे कोसळते आणि त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. त्याला एक पटर आणि एक मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क) द्या, स्पीड दोन ते पाचमधली. मनगट जोरात फिरवण्यापेक्षा डिस्क सपाट ठेवून छातीजवळून सरळ ओढायला सांगा. अर्ध्या तासात चाळीस मीटर सरळ जायला लागते. रंगाकडेही लक्ष द्या. वाळलेल्या गवतावर पिवळी, केशरी, पांढरी डिस्क दिसत नाही. गुलाबी आणि निळी दिसते. नियमाने हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं, मग पुढे. हा नियम पाळाच, नाहीतर निम्मा दिवस गवतात जातो. आणि चांगल्या प्लास्टिकच्या लाडक्या डिस्क पिशवीत ठेवा, मुरमावरचे दगड त्यांच्या कडा खातात.

दोन तरबेज, एक मधला, तीन नवे, अशा सहा जणांत एकेरी खेळ लावला तर दुसऱ्या होललाच निकाल कळतो आणि तीन माणसं मोबाइल काढतात. जोड्या पाडा. पुणेकरासोबत एक नवा, हैदराबादकरासोबत एक नवा, तुमच्यासोबत एक. दोघांनी फेकायचं, त्यातली जी डिस्क बरी पडली तिथून दोघांनी पुढचं फेकायचं. नवख्याचा वाईट थ्रो अंगाला लागत नाही आणि एखादा चांगला पडला की तो दिवसभर त्याचंच कौतुक सांगतो. आमच्या एका सहलीत सासूबाईंसाठी औंढ्याला दर्शनाला म्हणून आलेला एक मेहुणा असाच सातव्या होलला लांबून साखळीत टाकून गेला. त्या साखळीचा खळ्ळकन आवाज झाल्यावर तो दोन सेकंद स्वतःच्या हाताकडे बघत उभा होता. आता त्याच्याकडे चौदा डिस्क आहेत. (औंढा नागनाथ जिंतूरहून जवळ आहे, कुणी घरच्यांना घेऊन येणार असेल तर त्यांची रविवार सकाळ तिथे छान जाते.)

पटिंगचा एकच नियम समजावा: बास्केटपासून दहा मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. आणि सगळ्यात लांब ज्याची डिस्क, त्याने आधी फेकायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं. एवढं पुरे.

वाऱ्याबद्दल पुणेकरालाही सांगा, कारण झाडीत खेळणाऱ्याला मोकळ्या माळाची सवय नसते. सकाळी नऊपर्यंत माळ शांत असतो, ऊन चढलं की वारा उठतो. समोरून वारा असला की उजव्या हाताची बॅकहँड डिस्क उजवीकडे उलटते. लोक अशा वेळी जोर लावतात, आणि ती अजून उलटते. ओव्हरस्टेबल (सहज न उलटणारी) डिस्क घ्या, खांद्याच्या खाली ठेवा, नेहमीपेक्षा कमी ताकदीने फेका. पाठीमागून वारा असला की उलट होतं, डिस्क लवकर डावीकडे पडते, तेव्हा जरा उंच सोडा.

शेळ्या-मेंढ्यांचा कळप आला तर खेळ थांबवायचा, पूर्ण जाईपर्यंत. एकदा एका धनगर आजोबांनी अर्धा तास उभं राहून आमचा खेळ बघितला आणि विचारलं, "काय करायलाव रे पोरांनो? चांगल्या ताटल्या कामून फेकायलाव?" समजावून सांगितलं. मग ते म्हणाले, "त्या पिंजऱ्यात हातानं नेऊन ठेवली तर चालत नाही का?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे अजून नाही.

जेवणाची काळजी जानेवारीत करायची नसते, हुरडा असतो. मामांना आठवडाभर आधी सांगून ठेवा, ज्वारी नेमकी हुरड्यात असायला हवी. दोन दिवस उशीर झाला तर दाणा टणक होतो. शनिवारी संध्याकाळचा राउंड संपता संपता आगटी पेटलेली हवी. गोवऱ्यांची राख वर धरली की कणसं खुपसायची, हातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं आणि गरम गरमच तोंडात टाकायचं, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. डिस्क फेकून दुखणाऱ्या तळव्यांना कणसं चोळणं जड जातं, म्हणून हे काम नागपूरकराला द्या, गाडी चालवून आलेला असतो, तो राउंडमध्ये फार दमत नाही. रात्री लाइट आली की मामा मोटर चालू करायला उठून जातील, त्यांच्या गप्पा अर्ध्या राहतील, वाईट वाटून घेऊ नका.

पैशांचा हिशोब आमच्यात दोनदा भांडण होऊन असा ठरला. माळावरचा खर्च सहा जणांत सारखा. प्रवासाचा सगळ्यांचा खर्च एकत्र करून त्याचा निम्मा सहा जणांत वाटायचा, उरलेला निम्मा ज्याचा त्याचा. पूर्ण ज्याचा त्याचा ठेवला तर मुंबईकर दर वर्षी जास्त भरतो आणि तिसऱ्या वर्षी गळतो. पूर्ण वाटला तर कोणीतरी विमानाने येतो. आणि ज्याच्या नातलगाचं शेत, त्याच्या घरच्यांना पैसे द्यायला जाऊ नका, घेणार नाहीत आणि राग येईल. मामींना साडी, मामांना चांगला टॉर्च न्या.

शेवटची गोष्ट. प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि मोबाइल नंबर लिहा, नवख्यांना दिलेल्या डिस्कवरही. माझी एक निळी मिडरेंज त्या पहिल्याच सहलीत नाल्यापलीकडे गेली होती. आठ महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस म्हणाला, तुमची ताटली सापडलीय, नंबर होता म्हणून फोन केला. मी म्हटलं, ठेवा, जानेवारीत येऊन नेतो. तो जरा थांबून म्हणाला, तोवर कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरली तर चालंल का? अजून तिथेच आहे.